अर्ज लिहा, पण दुकानदाराच्या लेखणीने

शहागंजच्या बाजारात कोणत्याही कापड व्यापाऱ्याकडे जा आणि शाळेच्या पन्नास गणवेशांचा भाव विचारा. कापड किती मीटर लागेल, शिलाई किती पडेल, माल केव्हा मिळेल, आगाऊ रक्कम किती द्यावी लागेल, हे सारे तो पाच मिनिटांत एका कागदावर लिहून देतो. हाच व्यापारी संध्याकाळी मोहल्ल्यातील एखाद्या संस्थेचा विश्वस्त म्हणून बसतो आणि कंपनीकडे मदतीचा अर्ज करतो. त्या अर्जात काय असते? "आमची संस्था अनेक वर्षांपासून गोरगरिबांची निःस्वार्थ सेवा करीत आहे. तरी आपण सढळ हाताने मदत करावी, ही नम्र विनंती." काम कोणते, माणसे किती, खर्च किती, मुदत किती, यांपैकी कशाचाही पत्ता नसतो. दुकानात इतका काटेकोर असणारा माणूस संस्थेच्या कागदावर इतका मोघम का होतो?

हा दोष मी इतरांना चिकटवत नाही. काही वर्षांपूर्वी मुलींच्या शिलाई वर्गासाठी एका कंपनीला असाच अर्ज मी स्वतः लिहिला होता. दोन पाने भरून गरिबीचे वर्णन केले होते. तेथील अधिकाऱ्याने आम्हाला बोलावले, चहा पाजला आणि तीन प्रश्न विचारले. गेल्या वर्षी किती मुली शिकल्या? त्यांपैकी किती जणी आज शिलाईवर कमावतात? आमचे पैसे संपल्यावर वर्ग कसा चालणार? आम्हाला एकाचेही उत्तर देता आले नाही. परतताना आम्ही एकमेकांची समजूत घातली की, आपली नावे पाहूनच नकार दिला. खरे तर वर्गाचे हजेरीपुस्तक कपाटात पडून होते. नावे मोजायला आणि चार घरी जाऊन विचारायला एक संध्याकाळ पुरली असती. वर्षाअखेरीस वर्ग बंद पडला. शिकायला येणाऱ्या मुली घरी बसल्या.

भेदभाव कोठेच होत नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु अपुरा कागद हा भेदभाव करणाऱ्यालाही सोयीचे निमित्त पुरवतो. ते निमित्त आपण आपल्या हाताने का द्यावे?

दार कोणते ठोठवायचे?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने कंपन्यांवर सामाजिक दायित्वाची, म्हणजेच सीएसआरची जबाबदारी टाकली. १ एप्रिल २०१४ पासून ती लागू झाली. ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा, यांपैकी एक जरी अट पूर्ण झाली तरी त्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी, असे या कायद्याने ठरविले. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असेही त्यात म्हटले आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखाने शहागंजपासून किती दूर आहेत? बसने गेले तरी तासाभराच्या आतबाहेरचे हे अंतर, पण आपल्या संस्थांना ते मुंबई-दिल्लीइतके वाटते.

दुसरीकडे जुनी दारे बंद होत आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनकडून अल्पसंख्याकांच्या शिक्षण संस्थांना अनुदान मिळत असे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ते बंद करण्याचा आदेश काढला. तेव्हा नवीन दारे ओळखण्यावाचून गत्यंतर नाही.

दार ओळखणे म्हणजे देणारा काय देतो हे आधी पाहणे. कंपन्यांसाठी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये कामांची यादी आहे. शिक्षण, रोजगारक्षम कौशल्ये, आरोग्य, महिलांचे सक्षमीकरण हे त्यात येते, धार्मिक कार्य येत नाही. खासगी ट्रस्ट आणि फाउंडेशन आपापले विषय व प्रदेश स्वतः ठरवतात. जो विषय समोरच्याच्या यादीतच नाही, त्यासाठी अर्ज करणे म्हणजे भांड्यांच्या दुकानात जाऊन कापड मागणे होय.

आधी घर आवरा

कंपनीकडून काम घेणारी संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी असावी लागते. १२-ए आणि ८०-जी या नावांनी आपण ओळखतो त्या आयकर खात्याच्या नोंदण्या लागतात. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करणेही आवश्यक झाले. शिवाय बाहेरच्या स्वतंत्र संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे आज काम सुरू करणाऱ्याने आजपासूनच नोंदी ठेवल्या, तर तीन वर्षांनी त्याच्या हाती काही दाखवायला असेल.

आपल्याकडे मात्र धर्मादाय आयुक्त कार्यालयातील परिशिष्ट-१ चा उतारा काढला की त्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच आढळतात. बदल अर्ज कोणी दाखल केलेला नसतो. लेखापरीक्षण दोन-दोन वर्षे रखडलेले असते. अशा संस्थेचा अर्ज कितीही सुंदर भाषेत लिहिला तरी पहिल्याच टेबलावर अडकणार.

आकडा बोलतो

समजा, शिलाई वर्गाचाच अर्ज आहे. सहा महिन्यांच्या एका तुकडीत ३० मुली, म्हणजे वर्षात ६०. शिक्षिकेचे मानधन दरमहा १२,००० प्रमाणे १,४४,०००, जागेचे भाडे दरमहा ६,००० प्रमाणे ७२,०००, १० मशीन ९०,०००, कापड-धागा २४,०००, वीज व दुरुस्ती १५,०००, हिशेब व लेखापरीक्षण १५,०००. एकूण ३,६०,००० रुपये. एका मुलीमागे ६,००० रुपये. हे वाक्य लिहिताच देणाऱ्याला आपण काय विकत घेत आहोत ते कळते. त्याखाली लिहा की ६० पैकी किमान किती मुली वर्षभरात कमावत्या होतील, ते कोण व कसे मोजणार, आणि दुसऱ्या वर्षी मशीनचा खर्च नसल्याने उरलेला भार फी आणि शिलाईच्या कामातून किती उचलता येईल. तीस मुलींना दहा मशीन कशी पुरतील, असे कोणी विचारील. तर दहा-दहांच्या तीन पाळ्या, हेही लिहून ठेवा. आकडे आपल्या मोहल्ल्यातले, आपण मोजलेले असावेत. आणि जितके झेपेल तितकेच कबूल करावे.

आणखी एक गैरसमज. "कंपन्या प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांहून अधिक देत नाहीत, म्हणून पगार दाखवू नका," असे सर्रास सांगितले जाते. नियमातील ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबविण्याचा खर्च त्यात धरला जात नाही. शिक्षिकेचे मानधन हाच तर वर्गाचा प्राण आहे. ते लपवून मशीनचा आकडा फुगवला, तर पहिल्या तपासणीत उघडे पडाल आणि पुढच्या दहा संस्थांची पत घालवाल.

एक धोकाही सांगितला पाहिजे. पैसा संगणकाला मिळतो म्हणून शिलाई सोडून संगणक वर्ग काढणे, हे कामाशी बेइमानी करण्यासारखे आहे. काम आधी, कागद नंतर. कामाला साजेसा देणारा मिळेपर्यंत थांबावे.

व्यापाऱ्यांनी काय द्यावे?

शहागंजचे व्यापारी चंदा देण्यात कधीच मागे नव्हते. आता त्यांनी चंद्याबरोबर आपला मुनीम आठवड्यातून दोन तास संस्थेला द्यावा. चार संस्थांनी मिळून एक शिकलेला तरुण पगारावर ठेवावा. तो नोंदी अद्ययावत ठेवील, अर्ज लिहील आणि मिळालेल्या पैशाचा अहवाल वेळेवर पाठवील. पहिल्या अनुदानाचा अहवाल हाच दुसऱ्या अनुदानाचा अर्ज असतो.

आणि हा हिशेब फक्त कंपनीच्या साहेबांसाठी नसावा. रमजानमध्ये दहा रुपये देणाऱ्या हातगाडीवाल्याने आजवर आपल्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्याचा पैसाही अमानतच आहे. वर्षातून एकदा एका पानाचा जमाखर्च संस्थेच्या दारावर लावला, तर तो त्यालाही वाचता येईल.