अहवाल तयार, पण कळवायचा कोणाला?

रक्तातील पोटॅशियम प्रतिलिटर ६.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेले, की हृदयाचे ठोके कोणत्याही क्षणी बिघडू शकतात. असा आकडा यंत्रावर उमटताच तंत्रज्ञाने वॉर्डात दूरध्वनी करावा, ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवावा, दोघांनी नाव व वेळ नोंदवावी, अशी साधी रीत आहे. आयएसओ १५१८९ हे मानक धोक्याचे निष्कर्ष तत्काळ कळवण्यास सांगते. परंतु ‘एनएबीएल’ची मान्यता घेणे आपल्याकडे ऐच्छिकच आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेमुळे गरिबाच्या तपासण्या होऊ लागल्या, ही निर्विवाद जमेची बाजू. काही राज्यांनी मात्र हे काम खासगी प्रयोगशाळांकडे सोपवले. नमुना शहरात, रुग्ण तालुक्याच्या रुग्णालयात; रात्री दोन वाजता तंत्रज्ञाने गाठायचे कोणाला? चिठ्ठीवर क्रमांक नसेल, तर अहवाल संगणकावर चढतो आणि सरकारदरबारी काम ‘पूर्ण’ होते.

धोक्याचा आकडा किती मिनिटांत डॉक्टरांपर्यंत पोचला, याच्याशी कंत्राटदाराचे देयक जोडले पाहिजे. रुग्णालयानेही चोवीस तास उचलला जाईल असा क्रमांक चिठ्ठीवर छापावा. त्यासाठी नवा कायदा नको; आरोग्य खात्याचे एक परिपत्रक पुरे.