पंधरा संदर्भ पाहिजेत!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर चिडून बसले आहे.

माझी नात एम.एड. करते. लघुप्रबंधाचा विषय ‘अध्ययनशैली’. म्हणजे काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. ज्याची जी शैली तसं त्याला शिकवावं. मार्गदर्शक सरांचा हुकूम असा: पंधरा संदर्भ हवेत, सगळे ‘पीअर रिव्ह्यूड’, सगळे गेल्या पाच वर्षांतले. (पीअर रिव्ह्यूड म्हणजे छापण्यापूर्वी त्याच विषयातल्या दोनतीन जाणकारांनी तपासलेला लेख.) पोरीने दोन दिवसांत पंधरा जमवले. मी विचारलं, "वाचलेस का गं?" तर म्हणते, "आजी, वरचा सारांश वाचला. सगळे एवढंच करतात."

सगळे एवढंच करतात! चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कुणी धडा न वाचता गाइडमधून उत्तरं लिहिली, तर मी त्याला बाकावर उभं करत असे. आता तेच केलं की पदवी मिळते.

मग मीच शब्दकोश घेऊन बसले. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे एका पानाला अर्धा तास. त्यातले तीन लेख पुरे वाचले. तिघांतही एकच प्रकार. मुलांना प्रश्नावली दिली, ‘तुम्हांला कसं शिकायला आवडतं?’ असं विचारलं, टक्केवारी काढली आणि निष्कर्ष लिहिला की शैलीनुसार शिकवावं. अहो, पण तसं शिकवून बघितलं का? नाही! मला श्रीखंड आवडतं हे खरं, पण म्हणून ते मला मानवतं का? त्यातलं एक नियतकालिक तर पैसे भरा, ४८ तासांत लेख स्वीकारतो, अशी जाहिरातच करतं. ४८ तासांत कुठल्या जाणकाराने काय तपासलं असेल, देव जाणे.

हे काही माझं एकटीचं कुजकट मत नाही. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने ‘सायन्स’साठी एक मुद्दाम चुका पेरलेला खोटा शोधनिबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. आणि नामांकितांचंही काय? लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली आला, तो मागे घ्यायला २०१० उजाडलं.

नातीने मला गूगल स्कॉलर दाखवलं. तिथे लेखाच्या खाली, तो पुढे कुणीकुणी वापरला त्याची यादी उघडते, आणि बऱ्याचदा उजव्या बाजूला फुकट प्रतही मिळते. त्या वाटेने मागे मागे जात २००८ सालचा एक लेख सापडला. पॅश्लर, मॅकडॅनियल, रोअरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांचा. ते म्हणतात, शैली खरी मानायची तर पुरावा असा हवा: मुलांचे शैलीप्रमाणे गट करा, प्रत्येक गटातल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवा, शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. ‘बघून’ शिकणाऱ्यांना एक पद्धत आणि ‘ऐकून’ शिकणाऱ्यांना दुसरी पद्धत सरस ठरली, तरच मानू. असा पुरावा त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. पद्धत नीट पाळलेल्या काही प्रयोगांत तर उलटंच दिसलं.

हा लेख सरांना दाखवला, तर सर म्हणाले, "जुना आहे, चालणार नाही."

मंडळी, इथे माझा संताप अनावर झाला. त्याला कारण आहे. निवृत्तीच्या दोनतीन वर्षं आधी आम्हांला एका प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं. मी वर्गात येऊन मुलांचे तीन गट पाडले. सहावीतला एक मुलगा वाचताना अडखळायचा. मी त्याला ‘हाताने शिकणारा’ ठरवलं, मोठ्याने वाचायला उठवणं बंद केलं आणि तक्ते चिकटवायला दिले. तो खूष, मीही खूष. वर्ष संपलं तरी तो अडखळतच होता. ज्याला वाचनाची सर्वांत जास्त गरज, त्याचंच पुस्तक मी काढून घेतलं. २००८चा तो लेख तेव्हा कुणी माझ्या हातात दिला असता तर...

कुणी म्हणेल, आजी, मग काय तपासणीच नको? हवी हो, हवीच! पीठ चाळल्याशिवाय मळू नये. पण चाळलं म्हणजे पोळी झाली असं नाही. तपासलेला लेख हा वाचायला घेण्याच्या लायकीचा, एवढंच त्या शिक्क्याने कळतं. त्यांनी नक्की काय केलं, किती मुलांवर केलं, आणि निष्कर्ष त्यातूनच निघतो का, हे वाचणाऱ्यानेच बघायचं. सरांनी पंधराऐवजी पाच संदर्भ मागावेत आणि प्रत्येकावर तोंडी प्रश्न विचारावेत. साल कुठलंही असो.

नातीने तो लेख सोळावा संदर्भ म्हणून घातला आहे, आणि प्रकरणही नव्याने लिहायला घेतलं आहे. सर काय म्हणतात ते बघू. तुमच्या घरात कुणी प्रबंध लिहीत असेल तर त्याला एकच विचारा, "वाचलास का रे?" आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.