तिशीनंतरची हॉकी आणि लिलावाचा हातोडा

ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत तीन दिवस हॉकीपटूंचा लिलाव झाला. सात वर्षे बंद पडलेली हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू व्हायची होती. पुरुषांच्या आठ संघांना प्रत्येकी चार कोटी रुपये खर्चायची मुभा होती आणि त्यात चोवीस खेळाडू बसवायचे होते. म्हणजे सरासरी काढली तर माणशी साडेसोळा लाखांच्या आसपास. खेळाडूंची मूळ किंमत दोन, पाच किंवा दहा लाख. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग ७८ लाखांना गेला, ही बातमी सगळीकडे झळकली. पण ज्यांची तिशी उलटली आहे, गुडघे कुरकुरू लागले आहेत, भारतीय संघाचे दार ज्यांच्यामागे बंद झाले आहे, अशा खेळाडूंनी त्या तीन दिवसांत काय करायचे?

उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडते. तिथे खेळाडूने वयाची सत्तावीस वर्षे किंवा लीगमधले सात हंगाम पुरे केले आणि त्याचा करार संपला, की तो मोकळा होतो. मग जुना संघ त्याला अडवू शकत नाही. उन्हाळ्यात तो स्वतः ठरवतो, कुठल्या गावी बिऱ्हाड हलवायचे, मुलांची शाळा बदलायची की कमी पैशात जुन्याच गावी राहायचे. पस्तिशी गाठलेल्यांसाठी तर निराळी तरतूद. संघ त्यांच्याशी बहुधा एकाच वर्षाचा करार करतात, थोडी रक्कम नक्की आणि बाकीची जितके सामने खेळशील त्याप्रमाणे. म्हातारपणाची ही किंमत कठोर खरी, पण निदान वाटाघाटीच्या टेबलावर खेळाडूला खुर्ची असते.

आपल्याकडच्या लिलावात ती खुर्ची नाही. खेळाडूने नाव द्यायचे, मूळ किंमत सांगायची आणि गप्प बसायचे. कोण घेणार, कुठे नेणार, हे बोली लावणारे ठरवणार. तरुणाला याचे काही वाटत नाही, त्याला कुठेही चमकायचेच असते. खरी घालमेल होते ती ज्याचे दोन-तीन हंगामच शिल्लक आहेत त्याची.

दिल्लीपुरते बोलायचे तर पहिले नाव सरदार सिंगचे. डिसेंबर २०१२ मधल्या पहिल्या लिलावात दिल्ली वेव्हरायडर्सने त्याला ७८ हजार डॉलरना घेतले होते. तेव्हाच्या भावाने ते बेचाळीस लाखांच्या आसपास होत. पहिल्या मोसमात दिल्ली उपविजेती ठरली आणि २०१४ मध्ये तिने विजेतेपद पटकावले. सरदार तेव्हा मधल्या फळीचा राजा होता. पुढे २०१७ नंतर लीगच थांबली. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून सरदारला वगळले. तो परत आला, ब्रेडा इथल्या चॅम्पियन्स करंडकात भारताच्या रौप्यपदकात त्याचा वाटा होता. तंदुरुस्तीच्या यो-यो चाचणीत त्याने २१.४ गुण मिळवले, भल्याभल्या क्रिकेटपटूंनी हेवा करावा असे. टोकियो ऑलिंपिकपर्यंत खेळायची इच्छा तो बोलून दाखवत होता. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मात्र भारताला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले आणि पुढच्या शिबिराच्या यादीत सरदारचे नाव आले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये, बत्तीसाव्या वर्षी, साडेतीनशेच्या वर सामन्यांनंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. नवीन पिढीला जागा द्यायची वेळ आली, असे तो म्हणाला.

लीग चालू असती, तर सरदारला देशाच्या संघाबाहेर आणखी चार हंगाम सहज मिळाले असते. पायांत बळ होते, डोक्यात खेळ होता, फक्त बाजार उठला होता. सात वर्षांच्या त्या खंडात आपल्याकडच्या एका पिढीची अशीच कुचंबणा झाली. युरोपातला खेळाडू देशाच्या संघातून सुटला, की गावातल्या क्लबात चाळिशीपर्यंत रमतो. आपला खेळाडू सुटला की पोलीस खात्यात, रेल्वेत नाहीतर तेल कंपनीत रोज सकाळी हजेरी लावतो. खरे सांगायचे तर हीच नोकरी म्हणजे भारतीय हॉकीपटूचा खरा करार. लिलावातली रक्कम एका मोसमाची, पगार आणि घर मात्र जन्माचे. म्हणून घरातली वडीलधारी माणसे आधी नोकरीचे विचारतात, त्यात त्यांचे चुकत नाही.

लीग नसताना स्वतःचा बाजार स्वतः शोधणारा एक मराठी मुलखातला माणूस वाचकांना आठवत असेल. खडकीचा धनराज पिल्ले. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले आणि लगेचच धनराजसह काही खेळाडूंना ‘विश्रांती’ देण्यात आली. मानधनाबद्दल बोलणे त्यांना भोवले, अशी तेव्हा उघड चर्चा होती. धनराज गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया, बांगलादेश, जिथे बोलावणे आले तिथे स्टिक खांद्यावर टाकून तो गेला. २००४ मध्ये अथेन्सला चौथे ऑलिंपिक खेळून देशासाठीची हॉकी संपली, तरी २००५ च्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये, छत्तीस वर्षांचा असताना, तो मराठा वॉरियर्सचा कर्णधार होता. हाच आपल्याकडचा पहिला खराखुरा मोकळा खेळाडू म्हणायचा.

थांबायचे कधी, हे स्वतः ठरवण्याचे भाग्य पी. आर. श्रीजेशला लाभले. पॅरिस ऑलिंपिकच्या आधीच त्याने सांगून टाकले, ही शेवटची स्पर्धा. ८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पेनला २-१ ने हरवून भारताने कांस्यपदक घेतले आणि छत्तिसाव्या वर्षी गोलरक्षकाने पॅड उतरवले. लिलावात त्याने नाव घातलेच नाही. दिल्ली एसजी पायपर्स या नव्या संघाने त्याला संचालक आणि मार्गदर्शक म्हणून घेतले, तेव्हा तो बोली लावणाऱ्यांच्या बाजूला गेला. (दिल्लीचा संघ, पण त्या पहिल्या मोसमात दिल्लीत एकही सामना नाही. सगळे राउरकेला आणि रांचीला. दिल्लीकरांच्या वाट्याला फक्त हातोडा.)

राणी रामपालचे तसे झाले नाही. चौदाव्या वर्षी भारताकडून खेळू लागलेली ही हरियाणाची मुलगी टोकियोत चौथ्या आलेल्या संघाची कर्णधार होती. नंतर दुखापत झाली आणि जानेवारी २०२३ नंतर ती संघाबाहेरच राहिली. महिलांची पहिली लीग ठरली तेव्हा राणी एकोणतीस वर्षांची होती. ती सूरमा संघाची मार्गदर्शक झाली आणि २४ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर तिने निरोप घेतला. आयुष्यभर वाट पाहिलेली लीग आली ती बाकावर बसून पाहण्यासाठी. आणि महिलांच्या संघांना खर्चायची मुभा होती दोन कोटींची, पुरुषांच्या बरोब्बर निम्मी.

उलटी गोष्ट रुपिंदरपाल सिंगची. वेव्हरायडर्सने २०१२ च्या लिलावात त्याला ५६ हजार डॉलर मोजले होते. टोकियोत जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात त्याने पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला आणि दोन महिने उलटायच्या आत, तिशीतच, निवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी आशिया करंडकासाठी त्याला परत बोलावून कर्णधार केले, तर मनगट दुखावले आणि तेही राहिले. अशा खेळाडूवर कोण पैसे लावणार? बंगालने लावले, वर संघाची धुरा त्याच्याकडे दिली. १ फेब्रुवारी २०२५ ला राउरकेल्यात बंगालने हैदराबादला ४-३ असे नमवले आणि चौतीस वर्षांच्या रुपिंदरने करंडक उचलला.

त्याच वर्षी सप्टेंबरात संघांनी पुन्हा याद्या काढल्या. कुणाला ठेवायचे, कुणाला सोडायचे.