झाकल्या मुठीतले दुखणे

आपल्याकडे काही आजारांना मान आहे. टायफॉइड झाला किंवा हात मोडला की शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात, शहाळे आणतात. काही आजार मात्र मुलीने ओठांवर आणायचे नसतात. पाळीची दुखणी ही त्यांतली पहिली. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी न येणे, हनुवटीवर राठ केस उगवणे, मुरुमांनी चेहरा भरणे, खाणे बेताचे असूनही वजन वाढणे, अशी लक्षणे एकत्र दिसणाऱ्या विकाराला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणतात. बोलताना आपण ‘पीसीओडी’ म्हणतो. सतराव्या वर्षापासून तो मला आहे. त्याने शरीराला जो त्रास होतो त्याहून मनाला होणारा त्रास मोठा आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या गप्प बसण्यातून येतो, हे मला येथे मांडायचे आहे.

‘हल्लीच्या पोरींना हे नवीनच’ असे वडीलधारी माणसे म्हणतात. ते खरे नाही. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची लक्षणे अभ्यासून १९३५ सालीच या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. दर महिन्याला अंडाशयात काही बीजे वाढू लागतात आणि साधारणपणे त्यांतले एक पक्व होते. या विकारात ती अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत दिसणारे बारीक ठिपके म्हणजे तीच थांबलेली बीजे. ते कर्करोगाचे गोळे नव्हेत. अनेकींच्या शरीरात इन्शुलिनचा नीट उपयोग होत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. त्यामुळे प्रत्येक स्त्रीच्या अंगी थोडे असणारे पुरुषी संप्रेरक वाढते. केस, मुरूम, चुकलेली पाळी यांचे मूळ तेथे आहे. आळसात नाही, आणि कोणाच्या पापात तर नाहीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींना हा विकार असतो, आणि बहुसंख्य जणींना त्याचा पत्ताही नसतो. मुंबईत १५ ते २४ वयाच्या ७७८ मुलींची पाहणी झाली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या निकषांनी त्यांतल्या २२.५ टक्के आणि अधिक कडक निकषांनी १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. कडक हिशेब धरला तरी चाळीस मुलींच्या वर्गात चार जणी होतात. मैत्रिणींनो, त्या चार जणी एकमेकींना ओळखत नाहीत. दुखण्याची खरी जागा ही आहे.

अविवाहित मुलीची पाळी चुकली की घर तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहते, हे मुलींना सांगायला नको. माझ्या आईने तोंडाने काही विचारले नाही. पण दोन दिवस ती माझ्याशी नीट बोललीही नाही. तपासणीनंतर एका डॉक्टरांनी सांगितले, “लग्न झालं की होईल सगळं सुरळीत.” लग्नाने हा विकार जात नाही, हे मला पुढे वाचून कळले. पण तेव्हापासून घरात औषधाऐवजी स्थळांचीच चर्चा जास्त. आत्या म्हणते, “अंग हलव, कामं कर.” कांदे खुरपायला मी आईबरोबर जातेच, हे तिलाही ठाऊक आहे. एस.टी.त उन्हासाठी सगळ्याच मुली तोंडाला स्कार्फ बांधतात; माझा वर्गात आल्यावरही सुटत नसे. रात्री झोप नाही, कारण नसताना रडू येते, आरशाचा राग येतो. स्नेहसंमेलनात मी भाग का घेत नाही, याचे उत्तर मी अभ्यासावर ढकलत आले.

हा माझा एकटीचा हळवेपणा नव्हे. या विकाराच्या स्त्रियांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा अधिक आढळतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की निदान होताच प्रत्येकीच्या मनाचीही चौकशी करावी. माझे वजन, रक्त, साखर सगळे तपासले गेले. “तुला कसं वाटतं?” एवढे मात्र कोणी विचारले नाही.

कोणी म्हणेल, असले विषय वार्षिक अंकात कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी नम्रपणे म्हणेन, आपण नेवाशात राहतो. संस्कृतातले ज्ञान ज्ञानेश्वरांनी सर्वांच्या मराठीत आणले ते याच गावी. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून शरीराविषयी मराठीत निर्भयपणे लिहिले. आणि आज माझा रिपोर्ट इंग्रजीत आहे. घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच. म्हणून माझेच दुखणे मलाच आई-वडिलांना समजावून सांगावे लागले, आणि त्यासाठी माझ्याजवळ धड मराठी शब्द नव्हते.

हा विकार मुळापासून जात नसला तरी आहार, व्यायाम आणि औषधे यांनी आटोक्यात राहतो. पुष्कळ जणींना मुलेबाळेही होतात. दुर्लक्ष केले तर पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. दर वर्षी पहिल्या सत्रात महाविद्यालयात एखाद्या स्त्री-डॉक्टरचे मराठीत व्याख्यान व्हावे, आणि त्याला मुलांनीही बसावे; उद्या तेच कोणाचे पती आणि बाप होणार आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातल्या आयांशी या विषयावर बोलावे. मन फारच खचले तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तो मुलींच्या खोलीत लावावा. आणि वर्गातली एखादी मुलगी वरचेवर गैरहजर राहू लागली, तर प्राध्यापकांनी हजेरीपटावर खूण करण्याआधी तिची चौकशी करावी.

हा लेख देण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवला. सगळा ऐकून तिने विचारले, “त्या बाकीच्या तिघी कोण गं?” मला माहीत नाही. त्यांनी हा अंक वाचला तर ग्रंथालयात मला जरूर भेटावे.