तपासणी हवी, पण भयमुक्त!

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात धान्याची, साखरेची, मिरचीची पोती ज्यांच्या पाठीवरून गोदामात जातात, त्या हमालांच्या प्रकृतीची काळजी कोणी वाहायची? कंपनीतील कर्मचाऱ्याची वार्षिक तपासणी कंपनी करवून घेते. हमाल मात्र सकाळी एका गाळ्यावर राबतो, दुपारी दुसऱ्या. तो सर्वांचा, म्हणूनच कोणाचाही नाही.

मजुरीबाबत हाच प्रश्न महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडविला. हमाल व व्यापारी या दोघांची मंडळाकडे नोंदणी झाली, मजुरीवर लेव्ही बसली आणि भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ विखुरलेल्या श्रमिकाला मिळू लागले. पुण्यात पेशाने डॉक्टर असलेल्या बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. वैचारिक मतभेद कितीही असोत, या कार्याचे मोल नाकारता येणार नाही. माथाडी कायद्याच्या उद्देशिकेत कल्याणासोबत आरोग्य व सुरक्षितता यांचाही निर्देश आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांतही मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे.

मग अडते कुठे? हमाल तपासणीला कचरतो, तो अज्ञानामुळे नव्हे. मणका झिजला, रक्तदाब वाढला असे एकदा कागदावर आले, की उद्या पोते उचलू देतील का, ही धास्ती त्याला असते. ज्याची चूल रोजच्या ओझ्यावर पेटते, तो दुखणे लपविणारच. जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने भरणारी शिबिरे या भीतीवर उपाय ठरत नाहीत. फलक उतरतो, छायाचित्रे निघतात आणि अहवालाचा कागद खिशातच विरतो.

म्हणून तपासणीच्या आधी हमी हवी. अहवाल हमालाच्याच हाती राहावा. तपासणीमागोमाग औषधोपचार मिळावेत. ज्याला जड ओझे वर्ज्य ठरेल, त्याला टोळीतच मोजणीचे, थप्पीवरील देखरेखीचे हलके काम मिळावे आणि त्याचा वाटा घटू नये. हा खर्च लेव्हीतून उभारता येईल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो अशी १९६७ मध्येच सुचविली होती. त्याहून जड पोते बाजारात येऊच नये, हे पाहणे तर औषधापेक्षाही गुणकारी ठरेल.

पुण्याच्या घराघरांतील डबे या पाठींच्या बळावर भरतात. ती पाठ मोडेपर्यंत वाट पाहणे कोणत्याही समाजाला शोभणारे नाही. व्यापारी, माथाडी मंडळ आणि बाजार समिती यांनी एकत्र बसून हे दायित्व स्वीकारावे.