मनाची इशारा पातळी



पावसाळा लागला की आपल्या शिरोळ तालुक्यातील शाळकरी मुलांनाही दोन आकडे तोंडपाठ असतात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट. तेच पाणी पुढे नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णेला भेटते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला एक धडा दिला. जनावरे, धान्य आणि कागदपत्रे हलवायची ती या चार फुटांच्या अवधीत. नदीच्या बाबतीत इतके सावध असणारे आपण स्वतःच्या मनाची इशारा पातळी मात्र कधी पाहत नाही.

२०१९ च्या पुरानंतर शाळा पूर्ववत सुरू झाली. आठवीतील एका मुलाचे घर पाण्यात गेले होते. त्याच्या पोटात वारंवार दुखू लागले. विचारले तर उत्तर एकच : "काही नाही, सर." मी गोळी देत राहिलो. छपरावर पाऊस वाजू लागला की त्याचे दुखणे सुरू होते, हे माझ्या ध्यानात यायला दोन महिने लागले. कारण त्या दिवसांत मी स्वतःलाही कामात गाडून घेतले होते. मदतीच्या याद्या, पंचनामे, आणि रात्री डोळे मिटेपर्यंत मोबाईल. ज्याला स्वतःची अस्वस्थता ओळखता येत नाही, त्याला मुलाची कशी ओळखता येणार?

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला येथे १९०१ सालचा एक प्रवास आठवतो. बाल भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊनही गाडी स्वतःच हाकावी लागली. जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून रात्र उपाशी गेली. शाळेत वेगळे बसणे, स्वतःच्या हाताने नळ न सोडणे हे तोवर त्यांना नित्याचेच वाटत होते. त्या धक्क्याने आपल्याला प्रथमच अस्पृश्यतेचा विचार करायला लावले, असे बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. सवयीने बधिर झालेली वेदना त्या रात्री जागी झाली. त्यांनी ती दडपली नाही, तपासली. माणगाव परिषद आणि महाडचा सत्याग्रह यांच्या मुळाशी ही तपासलेली वेदना आहे, असे मी मानतो.

आपल्यापैकी काहींना मनाकडे पाहणे म्हणजे संघर्षाकडे पाठ फिरवणे वाटते. ही शंका रास्त आहे. 'सोसा, सोडून द्या' हा उपदेश आपल्या पूर्वजांना पिढ्यानपिढ्या केला गेला. परंतु तथागतांनी सांगितलेली वेदनानुपश्यना म्हणजे सोसणे नव्हे. वेदना उठली की ती आहे तशी जाणणे, तिला चिकटून न राहणे आणि तिच्यापासून पळूनही न जाणे, असा तिचा अर्थ आहे. पाचवे शीलही मला याच दृष्टीने महत्त्वाचे वाटते. मद्य दुःख संपवत नाही, दुःख जाणण्याची शक्ती संपवते. तेच काम आज मोबाईल करतो, कधी अखंड कामाचा बोजा करतो, तर कधी जयंतीच्या मिरवणुकीतील कानठळ्या बसवणारा आवाजही करतो. बधिर मनाला अन्यायही टोचत नाही.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. सायंकाळच्या वंदनेनंतर प्रत्येक विद्यार्थ्याने पाच मिनिटे शांत बसावे आणि वहीत एक ओळ लिहावी : आज काय टोचले, शरीरात कुठे जाणवले, केव्हापासून? ही वही कोणी तपासू नये. शिक्षकांनीही तशीच आपली वही ठेवावी. मी ठेवतो. मात्र ज्याची वेदना एका ओळीत मावत नाही, त्याला बोलायला विश्वासाचा माणूस आणि गरज पडल्यास डॉक्टर मिळवून देणे, हे आपले कर्तव्य आहे.

पालकहो, वसतिगृहातून फोनवर मूल "काही नाही" म्हणाले, तर लगेच फोन ठेवू नका. पाणी कदाचित ३९ फुटांवर आलेले असेल. अजून चार फूट आपल्या हातात आहेत.

नमो बुद्धाय, जयभीम.