फोटो काढा, पण झाडाचाही काढा!

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाऊन आलेल्या मित्रानं समुद्रकाठचे फोटो टाकले. केवडा, उंडी, खाडीतली खारफुटी. खाली एकाची कमेंट: "आपल्या पुलगावात काय आहे बापा फोटो काढाले? ऊन अन् धूळ!"

राहवलं नाही म्हणून लिहितोय.

समुद्र नसेल, पण काठ आपल्याकडेही आहे. वर्धा नदीचा. तिच्यावरच्या पुलामुळंच तर गावाला हे नाव पडलं. थंडी सरताना काटेसावर फुलते, होळीआधी पळसाची पानं गळून नुसती फुलं उरतात, मे महिन्यात बहावा पिवळा होतो. पहिल्या पावसात तरोटा उगवतो; भाजी आवडीनं खातो, फोटो मात्र कोणीच काढत नाही. पाऊस ओसरला की कास गवताचे पांढरे तुरे.

आपण फोटो काढतो गुलमोहराचा. सुंदर आहे, वाद नाही. पण मूळचा मादागास्करचा. नाल्याकाठी माजलेली बेशरमही परदेशीच. तिच्याखाली आपलं काय काय गेलं, हे जुने फोटो असते तर सांगता आलं असतं.

मुद्दा नुसत्या हौसेचा नाही. माझ्या रोजच्या वाटेवरचं अर्जुनाचं जुनं झाड एक दिवस दिसलं नाही. चौकशी केली तर उत्तर आलं, "तिथं झाड होतं याचा पुरावा काय?" मोबाईल धुंडाळला. एकच फोटो सापडला. पुढं भाचा, मागं अर्धं खोड. गप्प बसलो.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या शहरी भागात ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज वृक्ष' मानलं जातं. पण झाड होतं हेच दाखवता येत नसेल, तर वय कोण मोजणार? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता समिती असावी लागते, अन् लोकांना विचारून तिनं नोंदवही करायची असते. लोक म्हणजे कोण? आपणच ना!

खारफुटीलाही लोक चिखलातली झुडपंच समजायचे. २०२० मध्ये महाराष्ट्रानं त्यातल्या पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष केलं. आपल्या पळसाकडं निदान आपण तरी बघू.

म्हणून एक विनंती. प्रत्येकानं एक देशी झाड धरायचं. चार फोटो: पूर्ण झाड, पान, फूल किंवा फळ, साल. सोबत नाव, तारीख अन् जागा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा तेच. फांदी मोडायची नाही. अन् दारूगोळा डेपोच्या बाजूला मोबाईल खिशातच ठेवायचा, हे पुलगावकरांना सांगायला नको.

नगर परिषदेनंही हे फोटो मागवून नोंदवहीत घ्यावेत. खर्च काहीच नाही.

सुरुवात इथूनच करू. कमेंटमध्ये एका झाडाचा फोटो टाका. नाव माहीत नसेल तर घरातल्या आजीला विचारा. तिला नक्की माहीत असतं.